मौनीचं उत्तम चाललं आहे

तीर्थरूप मामांना,

नमस्कार. (पाठ धरली आहे, वाकता येत नाही. तेव्हा हा नमस्कार बसल्या जागेवरून केला आहे आणि तो तुम्ही बसल्या जागेवरूनच स्वीकारावा, म्हणजे तुमच्या गुडघ्यालाही त्रास नको.) तुमचा गुडघा, मामींचं ब्लडप्रेशर आणि दुकानाचं अडकणारं शटर, या तिघांची प्रकृती आता सुधारली असेल अशी आशा करतो. आमच्याकडे हिची सकाळची शाळा सुरू आहे, मुलं गणितात नापास होतात आणि ही घरी येऊन माझ्याकडे बघते. कन्या कॉलेजात जाते, निदान घरातून तरी निघते. 'मी मजेत आहे' असं लिहायला घेतलं होतं, पण तुम्ही अक्षरावरून माणूस ओळखता. तेव्हा 'मी आहे' एवढंच लिहितो.

पत्र पोचलं. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामींना सांगितलं त्याच्या दुप्पट ऐकू येतं, म्हणून लिहायला बसलो. एका पत्रात तुम्ही तीनदा विचारलंय, वर एकदा, खाली एकदा आणि मजकूर संपल्यावर कडेच्या कोऱ्या जागेत आडवं करून एकदा, की "आमच्या मौनीचं तिकडे कसं चाललंय?" तर मामा, मौनीचं उत्तम चाललं आहे. एखाद्याचं इतकं उत्तम चाललेलं मी जवळून प्रथमच बघितलं, आणि जरा जास्तच जवळून बघितलं. सगळं सुरुवातीपासून सांगतो. चष्मा लावून, चहा जवळ घेऊन वाचा. मामींना मोठ्याने वाचून दाखवू नका.

गेल्या वर्षी मामींनी मला फोनवर धरलं, आठवतंय? म्हणाल्या, "तू एवढ्या मोठ्या कंपनीत, आणि तुझा सख्खा मामेभाऊ चष्म्याच्या दुकानात फ्रेमा पुसतोय. बघ काहीतरी, चिकटव कुठेतरी." मामींचं बोलणं मोडायची माझी प्राज्ञा नाही. कॉलेजची सगळी वर्षं मी तुमच्या दुकानावरच्या खोलीत राहिलो, मामींच्या हातचं जेवलो आणि माझी पहिली फ्रेमही तुम्हीच नाकावर बसवलीत. शिवाय 'मोठ्या कंपनीत आहे' हे मीच सगळ्यांना सांगत आलो होतो. कंपनी मोठी, हे खरं. मी तिच्यात, हेही खरं. मी स्वतः मोठा असं मी कधी म्हटलं नाही, पण कोणी तसं समजलं तर त्याला दुखवलंही नाही.

कंपनी नेमकं काय करते हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं की मी 'सॉफ्टवेअर' म्हणायचो आणि तुम्ही 'अरे वा' म्हणायचात आणि विषय तिथेच मिटायचा. आमची कंपनी रांगा सांभाळते. दवाखान्यात, सरकारी कचेरीत माणूस नंबराची चिठ्ठी घेऊन बसतो ना, त्याच्यासमोर भिंतीवर जो पडदा असतो, तो आमचा. आणि त्या पडद्यावर जे येतं, 'आपला नंबर अजून अमुक मिनिटांनी', ते माझं. पुढे किती माणसं आहेत, डॉक्टर एकेकाला किती वेळ देतो, मधे चहाला कधी उठतो, या सगळ्याचा अंदाज बांधून ती मिनिटं सांगायचं काम इतकी वर्षं मी करत आलो. जगाचं यावाचून काही अडत नाही, मला ठाऊक आहे. पण मामा, एकदा मी दात दाखवायला गेलो होतो. शेजारी एक आजीबाई सारख्या उठून काउंटरवर विचारायच्या. मग कोणीतरी त्यांना पडदा दाखवला. त्यांनी तो वाचला, पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी माझा दात दुखला नाही.

असो. आता ऑफिस. ऑफिसला भिंती नाहीत, काचा आहेत. आमच्यात काही लपवाछपवी नाही हे दिसावं म्हणून असं केलंय, त्यामुळे बंद खोलीत कोण कोणाला झापतोय हे सगळ्यांना दिसतं, फक्त ऐकू येत नाही. प्रत्येक खोलीला सद्गुणाचं नाव आहे: धैर्य, विश्वास, सहानुभूती. (विश्वास कायम कुलपात असतो, किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही.) खुर्च्या आहेत, पण खुर्चीवर बसणं जरा मागासलेपणाचं मानतात. उभं राहून काम करायची टेबलं आली, आणि माझी पाठ गेली ती तिथेच. सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहून आपल्या मनाचा आज रंग कोणता ते सांगायचं. हिरवा म्हणजे आनंद, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे बरं नाही. मी एकदा प्रामाणिकपणे 'पिवळा' म्हणालो, तर मला तणावमुक्तीच्या वर्गाला बसवलं. तो वर्ग जेवणाच्या सुट्टीत होता. तेव्हापासून मी हिरवागार आहे. आणि साहेब कोणी नाही! सगळ्यांना एकेरी नावाने हाक मारायची. आमचे धाकटे संस्थापक (दोन संस्थापक होते, थोरले भांडून गेले) माझ्यापेक्षा बरेच लहान, पण मालकाला एकेरी हाक मारायला माझी जीभ वळेना, 'साहेब' म्हटलं की ते दुखावतात, म्हणून त्यांना बोलवायचं झालं की मी खोकायचो. इतकी वर्षं खोकलो. माझ्या छातीत काहीतरी आहे अशी त्यांची पक्की समजूत आहे आणि ते मला प्रेमाने गरम पाणी प्यायला सांगतात.

अशा ठिकाणी मी मौनीसाठी शब्द टाकला. मदत कक्षातली जागा होती, ग्राहकांचे फोन घ्यायची. त्यासाठी मुलाखतीच्या फेऱ्या इतक्या, की तेवढ्यात एखाद्याचं लग्न जमून मोडावं. मौनी सामान घेऊन आमच्याकडे आला आणि मी त्याची शिकवणी सुरू केली. चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही म्हणून तुम्हीच त्याचं नाव मौनी ठेवलंत, आणि तो आजही विचारल्याशिवाय बोलत नाही, तेव्हा मला घोर होता. मी त्याला समजावलं, की मुलाखतीत खरं बोलायचं नसतं, खरं वाटेल असं बोलायचं असतं. तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता, असं विचारलं की म्हणायचं, "मी कामात फार झोकून देतो." इथे का यायचंय, विचारलं की म्हणायचं, "मला आव्हानं आवडतात." पाच वर्षांनी कुठे असाल, तर जरा दूर बघायचं, खिडकी असेल तर खिडकीकडे, आणि म्हणायचं, "आज आहे त्याच्या पलीकडे." मौनी मान डोलवत ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "दादा, पण आव्हानं कोणाला आवडतात?" मी म्हटलं, "कोणालाच नाही रे बाबा. पण म्हणायचं असतं."

मुलाखतीच्या दिवशी, नातेवाईक म्हणून मला आत बसायची परवानगी नव्हती. पण काचा होत्या. मी माझ्या टेबलापाशी उभा राहून बघत होतो. पहिल्या दोन खोल्यांत काय झालं ते कळलं नाही, मुलाखत घेणारे बाहेर येताना विचारात पडलेले दिसले. शेवटच्या खोलीत स्वतः धाकटे संस्थापक. आधी ते बोलत होते, मौनी बसला होता. मग ते बोलत होते, मौनी बसला होता. मग ते उठून फेऱ्या मारायला लागले, मौनी बसलाच होता. आणि मग मामा, माझ्या डोळ्यांदेखत आमच्या मालकांनी टिश्यूपेपरचा डबा जवळ ओढला आणि डोळे पुसायला सुरुवात केली. मला वाटलं, याने घरचं काहीतरी काढलं. आता तो जातो आणि त्याच्याबरोबर मीही.

संध्याकाळी मौनीने सांगितलं ते असं. "दोष कोणता?" तर हा म्हणाला, "जेवल्यावर झोप येते." "इथे का यायचंय?" तर "दादाने सांगितलं म्हणून." यानंतर मालकांना पुढे काय विचारावं सुचेना, आणि याला गप्प बसायचा जन्माचा सराव. शांतता सहन न होऊन मालकच बोलत सुटले. कंपनी पुढे कशी न्यावी याचे दोन बेत त्यांच्या डोक्यात होते, ते त्यांनी मांडले आणि विचारलं, तुला काय वाटतं? आता मौनीला दोन्हींतलं काही कळलं नव्हतं. पण गिऱ्हाइकापुढे काचा बदलताना जे म्हणायचं असतं ते त्याच्या तोंडात बसलेलं. तो म्हणाला, "सावकाश बघा. आधीचं बरं दिसत होतं, की आत्ताचं?" मालक म्हणाले, आत्ताचं. मौनी म्हणाला, "घाई नाही. आता परत एकदा पहिलं बघा." आणि मालक रडले. म्हणाले, आजवर मला कोणी घाई नाही असं म्हटलंच नव्हतं.

मदत कक्षातली जागा दुसऱ्या कोणाला गेली. मौनीला त्यांनी 'संस्कृतीप्रमुख' केलं. (गाणंबजावणं नव्हे. ऑफिसातली माणसं आनंदात आहेत की नाहीत हे बघायचं काम. आधीच्या प्रमुख बाई तणावामुळे सोडून गेल्या होत्या.) ज्या हुद्द्यांच्या उतरंडीवर मी खालून वर बघत होतो, तिच्यात तो माझ्या वर जाऊन बसला. मी तुम्हाला तेव्हा पत्रात 'मौनी चांगल्या जागी लागला' एवढंच कळवलं, कारण पुढचं वाक्य लिहवेना.

खोटं कशाला बोलू, पहिले दिवस जड गेले. भर मीटिंगमध्ये तो मला "दादा" म्हणायचा आणि उठून खुर्ची द्यायचा. जिथे बसणंच कमीपणाचं, तिथे संस्कृतीप्रमुख उठून खुर्ची देतो, म्हणजे माझी पार शोभा! पण माणसं त्याच्याकडे जाऊन बसायला लागली. तो काही करायचा नाही, ऐकायचा. रिसेप्शनवरची मुलगी, हिशेब विभागातले खडूस गृहस्थ, सगळे. सकाळी तो स्वतः "आज पिवळा" म्हणायचा आणि त्याला कोणी वर्गाला बसवायचं नाही. मला हेवा वाटला की अभिमान, हे मी अजून ठरवतोय. इथवर सगळं ठीक होतं, मामा. माझी तक्रार नव्हती.

मग कंपनी विकली गेली. कोणाला, ते आम्हाला कळलं नाही. एके दिवशी कॉफीचे कप नवे आले आणि कपांवर लिहिलं होतं, 'आपण एक कुटुंब'. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. आमच्या जुन्याच मालकांनी सगळ्यांना गोल उभं केलं, स्वतः स्टुलावर चढले आणि म्हणाले की कुटुंबाला आता हलकं व्हायचंय. कोणालाही काढणार नाही. (हे तीनदा म्हणाले.) फक्त आजपासून सगळ्या जागा रिकाम्या आहेत असं समजायचं आणि ज्याला जी जागा हवी त्याने तिच्यासाठी नव्याने मुलाखत द्यायची. ज्यांची निवड होणार नाही त्यांना 'मोकळं' केलं जाईल. मामा, मी तुमच्या घरात राहिलो, मला कुटुंब ठाऊक आहे. मामींना मामीच्या जागेसाठी कधी अर्ज करावा लागला नाही. आजोबांचा डोळा गेला तेव्हा कोणी त्यांना मोकळं केलं नाही.

म्हणजे मला माझ्याच खुर्चीसाठी मुलाखत द्यायची होती. आणि मुलाखती घेणार कोण? संस्कृतीप्रमुख.

ही म्हणाली, "मग बरंच झालं की. भाऊच आहे, सरळ सांगा, मला हे काम आवडतं, मला इथेच राहायचंय." बायका अशा बोलतात. मी म्हटलं, अगं, मुलाखतीत असं सांगतात का? आणि भावाकडे भीक मागू? उद्या लोक म्हणतील, भाऊ होता म्हणून टिकला. मी रीतसर तयारी केली. आरशासमोर उभं राहून जी उत्तरं मौनीला शिकवली होती तीच घोकली. कन्येने दाराआडून ऐकलं आणि आईला जाऊन सांगितलं की बाबा कोणाशी तरी भांडताहेत.

मुलाखत 'सहानुभूती'त होती. मौनी होता, आणि त्याच्याशेजारी नव्या मालकांनी पाठवलेल्या एक बाई. बाई म्हणजे वाईट नव्हत्या, मला वाटतं त्या मनात काही आणतच नसाव्यात. मी बोललो की टॅबवर टिपायच्या, मी श्वास घेतला तरी टिपायच्या. मी मौनीला पायाने खूण करणार होतो, की बाबा रे, सांभाळून घे, पण टेबलही काचेचं निघालं. पाय तसाच हवेत राहिला, तोही बाईंनी टिपला.

मौनीने विचारलं, "दादा, तुला हे काम आवडतं?"

मामा, एका शब्दाचं उत्तर होतं. पण बाईंची बोटं वर थांबलेली दिसली आणि माझ्या तोंडातून घोकलेलं बाहेर पडलं. "आवडण्यापेक्षा मला आव्हान महत्त्वाचं वाटतं."

मौनीचे डोळे मोठे झाले. "खरंच?"

"खरंच. एकाच जागी बसून राहणं माझ्या स्वभावातच नाही." (मी एकाच जागी इतकी वर्षं बसलेला माणूस. मला खुर्ची बदलली तर झोप लागत नाही.)

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"संधीची वाट बघत होतो."

"आणि पाच वर्षांनी तू कुठे असावंस असं तुला वाटतं?"

खिडकी नव्हती, म्हणून मी काचेतून रिसेप्शनकडे बघितलं आणि म्हणालो, "आज आहे त्याच्या पलीकडे. जिथे मी आज नाही, तिथे."

मौनीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी समाधानाने मान हलवली. मी बाहेर आलो तो तरंगतच. वाटलं, काय मुलाखत दिली! घरी जाताना हिच्यासाठी फुलं घेतली.

निकालाच्या दिवशी मौनी माझ्या टेबलाकडे अक्षरशः पळत आला. मी त्याला पळताना लहानपणानंतर पहिल्यांदा बघितलं. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "दादा, झालं तुझ्या मनासारखं! बाईंचं मत तुला ठेवावं असं होतं. म्हणत होत्या, स्वस्तात अनुभवी माणूस आहे. मी भांडलो. म्हटलं, माझ्या भावाने इतकी वर्षं मन मारलंय, त्याला आता अडकवू नका. शेवटी ऐकलं त्यांनी. तू मोकळा आहेस!"

जो पोरगा आयुष्यात कोणाशी आवाज चढवून बोलला नाही, तो माझ्यासाठी भांडला होता, मामा. कपाळाला आठी नाही, तोंडभर हसू. भोवती काचांमागून सगळं ऑफिस बघत होतं. मी काय म्हणणार होतो? मी म्हणालो, "थँक्यू." तो मला मिठी मारून रडला. मीही रडलो. बघणाऱ्यांना वाटलं आनंदाने, आणि दोघांपैकी एकाचं खरंही होतं.

निरोप समारंभ झाला. मालकांनी मला मिठी मारून, गरम पाणी पीत जा म्हणून सांगितलं. मला एक कप दिला. कोणता ते सांगायला नको. सामान उचलून दाराशी गेलो, तर माझं कार्ड चालेना. आत यायचं बंद केलं असतं तर समजलो असतो, बाहेरही पडता येईना. शेवटी पहारेकऱ्याने त्याच्या कार्डाने दार उघडलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, या परत." इतक्या वर्षांत मला तिथे साहेब म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा. माझ्या कामाचं काय झालं विचाराल, तर ते कोणालाच दिलं नाही. परवा एका दवाखान्यावरून जाताना मुद्दाम डोकावलो. पडद्यावर मिनिटं नाहीत, सगळ्यांना एकच शब्द दिसतो, 'लवकरच'. लोक उठून काउंटरवर जातात, विचारतात, परत येऊन बसतात. मी थोडा वेळ त्यांच्यात बसलो. मला कुठे जायची घाई नव्हती.

घरी सांगितलं तेव्हा ही आधी हसली. पोट धरून, भिंतीला टेकून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "मौनीला खरं सांगा." मी सांगितलं नाही. तो (पगार सुरू झाल्यावर त्याने ऑफिसजवळ खोली घेतली) आठवड्यातून एकदा फोन करतो, "दादा, कसं वाटतंय मोकळं?" विचारतो, आणि मी म्हणतो, "मस्त." दुसरीकडे मुलाखती चालू आहेत. परवाची मुलाखत तर माणसाने घेतलीच नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर प्रश्न येतो, आपण कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं, आणि यंत्र आपल्या चेहऱ्यावरचा उत्साह मोजतं. मला तिसऱ्याच प्रश्नाला सूचना आली, 'कृपया हसा'. मी हसलो. पुन्हा सूचना आली, 'चेहरा सापडत नाही'. ही मागून जात होती, ती म्हणाली, "मलाही सापडत नाहीये हल्ली." हे तिने हसत म्हटलं नाही.

तेव्हा मामा, मौनीची काळजी नसावी. तो जिथे आहे तिथे लोकांना हवा आहे. माझीही काळजी नसावी. तुमच्या गुडघ्याला जपा, मामींना जे सांगायचं ते गाळून सांगा.

तुमचा भाचा

ता.क. : एक विचारायचं राहिलं. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण मनात घोळवता घोळवता इतकी पानं झाली. मौनी इकडे आल्यापासून दुकानात तुमच्या मदतीला कोणी नाही असं मामी म्हणत होत्या. मला जवळचा नंबर आणि लांबचा नंबर यांतलं काही कळत नाही, पण फ्रेमा पुसता येतील, गिऱ्हाइकाला किती वेळ बसावं लागेल ते बरोबर सांगता येईल, आणि वरची खोली रिकामीच असेल तर मी आधी एकटा येईन, मग हिच्या शाळेचं बघू. बसून काम असेल तर फारच बरं.

ता.क. दुसरा : पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात दाराची बेल वाजली. भर दुपारी मौनी दारात, हातात माझ्यासारखाच कप. म्हणाला, "राजीनामा देऊन आलो." मी विचारलं, का रे? तर आज त्या बाईंनी त्याला बोलावून त्याचं कौतुक केलं. म्हणाल्या, तुमच्या भावाने कसं आपणहून जायचं मागितलं, तसंच बाकीच्यांकडूनही वदवून घ्या, तुमच्याकडे कसब आहे. मौनीने तिथेच राजीनामा लिहून दिला म्हणे. मग उठून आला.

दारातच उभं राहून त्याने मला विचारलं, "दादा, तू त्या दिवशी खरं बोलत होतास ना?"

मी तोंड उघडलं. मामा, शपथेवर सांगतो, माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण ही आतून म्हणाली, "नाही. एक अक्षरही नाही."

मौनी चपलांच्या स्टँडवर मटकन बसला. आम्ही त्याला आत आणलं, जेवायला वाढलं. तो जेवला, रडला, पुन्हा थोडा भात घेतला, आणि आता सोफ्यावर पाय बाहेर टाकून झोपला आहे. उद्या सकाळच्या गाडीने तुमच्याकडे यायचं म्हणतोय. हे पत्र त्याच्याच हाती देणार आहे.

तेव्हा वरचा ता.क. खोडायला घेतला होता, पण हिने पेन काढून घेतलं, राहू द्या म्हणाली. दुकानात दोघांपुरतं काम असेल तर प्रश्नच नाही. एकाचंच असेल तर मौनीला ठेवा, हात त्याचा बसलेला आहे, मी समजून घेईन. पण मामा, दोघांतून एक निवडायची वेळ आलीच, तर आमच्याशी तुम्ही बोला, नाहीतर मामी बोलू देत, पण माझी मुलाखत मौनीला घेऊ देऊ नका. मी घाबरलो की अजूनही 'आव्हानं आवडतात' असंच म्हणतो, आणि त्याला ते अजूनही खरं वाटतं.